चूलबंद आवतण

घोडेगाव,
ता. ७ एप्रिल

मोहिनी,

नवऱ्यानं बायकोला पत्रात वर काय लिहायचं ते मला ठावं नाय. आमच्या भट्टीवरच्या गेणूला इचारलं तर तो म्हणला, चिरंजीव सौभाग्यवती लिहा. म्हणलं, ती रागावून माहेरी जाऊन बसलीय, एवढं लांबलचक वाचायच्या आधीच चुलीत घालील. तवा नुसतं मोहिनी.

फोन तुझा बंद. तुमच्या वाडीत रेंज त्या एका जांभळीखाली येती, आन माझ्यासाठी तू काय जांभळीखाली जाऊन उभी राहायची नायस. म्हणून हे लिहितोय. बहिरूभाऊ बाजाराला आलेत, त्यांच्याजवळ देतो. बहिरूभाऊ, हे तुमच्या बहिणीला हाय, वाटंत उघडू नका. उघडलंच तर निदान घडी तरी नीट घाला.

आता मुद्द्याचं. पाडव्याला मी असा काय गुन्हा केला ते मला कळू दे. ओझरला वास्तुशांतीच्या जेवणाचं काम व्हतं. सकाळपासून भट्टीपुढं उभा, सोपानशेठ केटरिंगचा मालक म्हणून खुर्चीत. संध्याकाळी घरी आलो तर हातात बादली. त्या बादलीत काय शेण व्हतं? श्रीखंड व्हतं. डब्यात अळूवडी, पिशवीत पुऱ्या. मी एवढंच म्हणलो की हे खराब व्हईल, आधी हे संपव. तू दिवसभर खपून पुरणपोळ्या केल्यात हे मला काय स्वप्न पडलं व्हतं? आन केल्या तर केल्या. पुरणपोळी दोन दिवस राहती, श्रीखंड एप्रिलात राहत नाय. यात रागवायचं काय हाय? तर तू पोळ्यांचं ताट उचललं, शेजारच्या गायीपुढं उपडं केलं आन सकाळी पहिल्या गाडीनं गेलीस. ती गाय आता मला बघितलं की दावं ओढती.

जाता जाता तू जे बोललीस ते मला लई लागलंय. म्हणलीस, "माझं लग्न झाल्यापासून या घराला चूलबंद आवतण हाय." अगं, चूलबंद म्हणजे मान असतो. समद्या घराला जेवण, पोराटोरांसकट या, आज चुलीत काडी घालायची नाय, असं सांगायला माणूस दारात येतो. लोकं तेवढ्यासाठी रुसून बसत्यात. तुला रोजचं घरबसल्या मिळतंय तर तू ते शिवी दिल्यासारखं बोललीस.

वृषालीला होस्टेलवर फोन केला. नर्सिंग शिकायला घातली पोरगी, तिनं मलाच सुई टोचली. म्हणली, "पप्पा, मी इकडं आल्यापासून आई एकटी बसून दुसऱ्यांच्या लग्नातलं खाती. तुमी कधी तिच्या हातचं जेवलाय का?" म्हणलं, वेळ कुठाय. तर तिनं फोन ठेवला. तुमच्यात काय ठरलेलं हाय का ते सांग.

लवकर ये. गाडीला गर्दी असती, दुपारची धर.

रामनाथ


घोडेगाव,
ता. १३ एप्रिल

मोहिनी,

उत्तर नाय. बहिरूभाऊंना इचारलं, वाचलं का तिनं? तर म्हणले, "वाचलं, पावणं. घडी घालून कणगीखाली ठेवलं." कणगी डुगडुगत व्हती का, तेवढं इचारायचं राह्यलं.

आठ तारखेला खोडदला लग्न व्हतं. त्या दुर्बिणीच्या मोठ्या तबकड्या हायेत ना आभाळाकडं तोंड करून, त्यांच्या अंगाला मांडव. मी गेणूला म्हणलं, एवढी कढई मिळाली तर आख्ख्या तालुक्याची आमटी एका फोडणीत व्हईल. गेणू म्हणला, झारा केवढा लागंल त्याचा इचार करा. लग्न झकास झालं. नवऱ्या मुलाला पनीर पाहिजे व्हतं, दिलं. मासवडीच्या मुलखात पनीर खातो, त्याचं त्याला लखलाभ. माझ्या मासवडीवर म्हातारी माणसं तुटून पडली.

येताना बादली आणली. मसालेभात, गुलाबजाम, मठ्ठा. त्या दिवशी तेच खाल्लं. दुसऱ्या दिवशी तेच खाल्लं. तिसऱ्या दिवशी मसालेभात परतून खाल्ला आन गुलाबजाम चहात बुडवला. मंग मी ताटाकडं बघत बसलो आन ताट माझ्याकडं. कोण कुठला नवरा, कोण कुठली नवरी, त्यांच्या लग्नाचं मी अजून खातोय. हे मी काय तुझं खरं हाय म्हणून लिहीत नाय. उन्हाळ्यानं तोंड इटतं, तेवढंच.

तर म्हणलं, घरी करू. आपण आचारी हाय, आपल्याला काय अवघड. एका माणसाची तुरीची आमटी. मोहिनी, शंभर पानांना मीठ किती ते मी झोपेतून उठवलं तरी सांगन. एका पानाला किती? माझा हात सवयीनं गेला, मीठ पडलं. माझी मूठ केवढी ते तुला ठावं हाय. खारट झालं म्हणून पाणी घातलं. पाणी झालं म्हणून डाळ शिजवून घातली. मंग मसाला कमी पडला, मसाला घातला, तर तिखट. पातेलं बदललं. ते भरलं तवा पिंपाच्या झाकणावरचं मोठं काढलं. शेवटी दारात आलो आन गल्लीला हाक मारली की आमटी न्या.

गल्ली आली. वाट्या घेऊन आली, मंग ताटं घेऊन आली, मंग कुणीतरी भाकऱ्या करून आणल्या आन सतरंजी घातली. पलीकडचे म्हातारे आबा टोपी-टॉवेल घेऊन आले. म्हणले, "रामनाथ, कार्य कसलं ते कळलं नाय, पण रिकाम्या हातानं कसं यायचं?" मला टोपी घातली, टॉवेल दिला. बायकांनी तू कुठं हाय इचारलं. म्हणलं, भाचीच्या लग्नाच्या तयारीला गेलीय. हे खोटं नाय, बहिरूभाऊंच्या आरोहीचं लग्न जवळ आलंच हाय.

टोपी मला बारकी व्हती.

रामनाथ


घोडेगाव,
ता. १९ एप्रिल

मोहिनी,

तुझा निरोप मिळाला. बहिरूभाऊंनी तो मला भर बाजारात, कांद्याच्या ढिगापुढं, चार माणसांत दिला. "बाई म्हणली, एकदा भुकेलं या. रिकाम्या हातानं या. माझ्या चुलीपुढं बसा, जेवा. मंग घोडेगावला यायचं का नाय ते बघू." कांदेवाला म्हणला, "पावणं, सोपं हाय की." त्याचं लग्न व्हायचं हाय अजून.

म्हणजे तू नाय पण म्हणू शकतीस. "मंग बघू" याचा अर्थ मला कळतो, मी पण गिऱ्हाईकाला असंच म्हणतो. मोहिनी, चेष्टा बस झाली. तू आली नाय तर मी या घरात एकटा काय करू? तुळशीला पाणी घालतो, तिनं पण मान टाकलीय.

आन भुकेलं ये म्हणजे काय? आचारी कवा भुकेला असतो का? सकाळी फोडणीच्या वासानंच निम्मं पोट भरतं. मंग आमटीची चव, भाजीची चव, भात मोडून बघायचा, जिलबीचा पाक, मठ्ठ्याचं मीठ. पंगत बसायच्या आत माझं जेवण झालेलं असतं, बसल्याशिवाय. कामाचा भाग हाय तो. हे मी गेणूला म्हणलं तर तो म्हणला, "रामनाथभाऊ, मंग सुट्टीच्या दिवशी जा." एवढी साधी गोष्ट मला सुचली नव्हती, पण त्याला तसं दाखवलं नाय.

तर बुधवारी काम नाय. बुधवारी येतो. सकाळपासून तोंडात काय घालणार नाय.

दुसरी गोष्ट. आरोहीच्या लग्नाचं काम सोपानशेठनं घेतलंय, आन भट्टी माझी. बहिरूभाऊंनी हिशेब दिलाय की तुमच्या वाडीला चूलबंद, आजूबाजूच्या वाड्यांना घरटी एक माणूस. त्या मापानं सामान भरणार. भाचीचं लग्न हाय, माझं नाव खाली जाऊ देणार नाय. तू आत्या म्हणून मिरव.

रामनाथ


घोडेगाव,
ता. २५ एप्रिल

मोहिनी,

तू कोयता घेऊन रानात निघून गेलीस, मला एक शब्द बोलू दिला नायस. जे झालं ते मुद्दाम झालं नाय.

मी सकाळपासून उपाशी व्हतो. घरून रिकाम्या हातानं निघालो, हे आबांना इचार. स्टँडवर शिंदे मास्तर भेटले, त्यांच्या घरच्या बारशाला मीच जेवण केलं व्हतं. त्यांनी पेढे नाय, बर्फी नाय, सव्वा किलो बुंदीचा डबा हातात कोंबला. म्हणले, सासरी चाललाय, रिकामे कसे जाता? आता यांना काय सांगू, की माझी बायको रिकामाच ये म्हणलीय? गावभर झालं असतं. डबा घेतला.

गाडीत बसलो. डबा मांडीवर. घाट लागला, गाडी वळणं घ्यायला लागली, आन झाकण थोडं हाललं. बुंदी माझी नव्हती, दुसऱ्या कुणाच्या हातची व्हती. तर पाक कसा झालाय हे बघायला मी एक कळी तोंडात टाकली. चव बघणं म्हणजे खाणं नव्हं. पाक पातळ वाटला. मंग म्हणलं, एका कळीवरून कुणाला नावं ठेवू नये, अजून बघू. एवढंच झालं. घाट मोठा हाय, त्याला मी काय करू.

तू दारात आलीस. डब्याकडं बघितलंस, मंग माझ्या तोंडाकडं. तुझी आई हसायला लागली तवा मला कळलं की मिशीला बुंदी हाय.

तू गेल्यावर मी ओसरीवर बसून राह्यलो. सासूबाईंनी पाणी दिलं. म्हातारे भिकाबाबा बसले व्हते, आवतणं सांगायचं काम त्यांच्याकडं, तेच वाड्या मोजत व्हते. ह्या वाडीला घरटी एक, त्या वाडीला घरटी एक. मला आधीच राग आलेला. मी मोठ्यानं म्हणलं, "बाबा, माणसं काय मोजत बसता? भट्टीवर रामनाथ हाय. समद्या वाड्यांना चूलबंद सांगा, एक माणूस उपाशी गेला तर झारा हातात धरणार नाय." हे मी तुला रानात ऐकू जावं म्हणून बोललो. तू ऐकलंस का नाय ते ठावं नाय. भिकाबाबा मात्र लई खुश झाले. काठी घेऊन लगेच उठले, चहाला पण थांबले नायत.

डबा तिथंच राह्यलाय. त्यात उरलेली बुंदी पोरांना दे. पाक खरंच पातळ हाय.

रामनाथ


घोडेगाव,
ता. ७ मे

मोहिनी,

लग्नाच्या दिवशी तू आत व्हतीस, मी मांडवात. आतलं तुला ठावं, बाहेरचं मला. ते सांगतो, म्हणजे वाडीत माझ्यावर जे जे ढकललंय त्यातलं थोडं तरी कमी व्हईल.

सामान बहिरूभाऊंच्या हिशेबानं आणलेलं. भात उतरवला, आमटीला तवंग आला, बटाट्याची भाजी, बुंदी, सगळं वेळेत. आरोहीवर अक्षता पडल्या. पहिली पंगत बसली. मी घाम पुसत मांडवाच्या दारात आलो तर समोरच्या उतारावरून माणसं येतायत. म्हणलं, येऊ दे, लग्नघर हाय. पण ती संपंनात. म्हाताऱ्या पाठीवर घेतलेल्या. झोळीतली पोरं. एका घरानं त्यांच्याकडं आलेले पावणे आणले आन त्या पावण्यांनी कुत्रा आणला. गेणू म्हणला, "रामनाथभाऊ, मोर्चा हाय का?"

मी भिकाबाबांना गाठलं. नवी टोपी घालून मांडवात फिरत व्हते. म्हणले, "तूच सांगितलंस की. समद्यांना चूलबंद. मी त्या कड्याखालच्या वाडीला पण सांगून आलो, ती आपल्यात मोडत पण नाय." आन माझ्याकडं असं बघायला लागले की मी आता शाबासकी देतोय.

तिसऱ्या पंगतीला भात तळाला गेला. आमटीत पाणी घातलं, माझ्या हातानं घातलं, आन घालताना दुसरीकडं बघितलं. बुंदी आधी वाटीनं वाढली, मंग चमच्यानं. आमच्या टीमचं जेवण आमी बाजूला काढून ठेवतो, ते वाढून टाकलं. सोपानशेठ टेम्पोत जाऊन बसला, काचा वर, फोन कानाला. वाडीत रेंज नाय हे त्याला पण ठावं व्हतं.

निम्मी माणसं अजून उभी. गेणू म्हणला, घरोघर भाकऱ्या टाकायला सांगू. त्यावर बहिरूभाऊंचं तोंड मी कधी बघितलं नव्हतं तसं झालं. म्हणले, "चूलबंद सांगायचं आन मंग त्यांच्याच चुली पेटवायला लावायच्या? त्यापेक्षा मला भट्टीत घाला." आन खरं हाय ते. लेकीच्या लग्नाला जेवायला बोलावून, घरी जाऊन भाकरी भाजा म्हणणारा बाप, असं पिढ्यान्पिढ्या सांगत राह्यले असते. आरोहीच्या सासरची माणसं गाद्यांवर बसून बघत व्हती. पोरगी मुंडावळ्या बांधून माझ्याकडं बघत व्हती. मी झारा धरून उभा आन झाऱ्याला काम नाय. मला लाज वाटली, मोहिनी. तोंड लपवायला पातेलं रिकामं व्हतं, पण आत शिरता येत नाय.

तवा तू बाहेर आलीस. जरीचं लुगडं, पदर खोचलेला.

तू बहिरूभाऊंना इचारलंस, "दादा, माझ्या घराला आवतण कुणी सांगितलं?"

ते म्हणले, "तुला कशाला आवतण? तू घरची."

"मी घरची नाय. मला दिली तवाच माझं घर घोडेगावला गेलं. तिथं चूलबंद सांगायला भिकाबाबा आले नव्हते. मंग मला चूल पेटवायला कोण आडवतंय?"

भिकाबाबांनी डोकं खाजवलं. म्हातारे एकमेकांकडं बघायला लागले. एकजण म्हणला, "पण पोरी, चूल तर या घरची हाय ना." तू म्हणलीस, "आवतण माणसाला सांगत्यात का दगडाला?" एका म्हाताऱ्यानं तंबाखू काढली, म्हणला, बोलती ते रीतीला धरून हाय.

मंग तू मांडवात नजर फिरवलीस आन म्हणलीस, "सासरहून आलेल्या समद्या लेकी उठा." आन उठल्या की. नटून बसलेल्या, हातात मेंदी, कुणाच्या काखेत पोर. ह्या वाडीच्या, त्या वाडीच्या, ज्यांच्या सासरच्या घराला आवतण नव्हतं त्या समद्या. आपापल्या आईच्या, लांबच्या असतील तर मैतरणीच्या घरात शिरल्या. थोड्या वेळात सगळ्या कौलांतून धूर निघायला लागला. ज्यांचं चूलबंद व्हतं त्यांनी काडीला हात लावला नाय, ज्या पेटवत व्हत्या त्यांना कुणी बंद सांगितलं नव्हतं. माझं डोकं अजून त्यात फिरतंय, पण चूक कुठं काढता येत नाय.

टोपल्या यायला लागल्या. नाचणीच्या भाकऱ्या, तांदळाच्या भाकऱ्या, लसणाची चटणी, फोडलेला कांदा. मी वाढायला लागलो. पंगत बसली, उठली, परत बसली. कुत्रा पण जेवला. आरोहीचा सासरा हात धुता धुता बहिरूभाऊंना म्हणला, "तुमच्याकडची ही चाल लई आवडली बघा. शेवटाला माहेरवाशिणींच्या हातची भाकरी." बहिरूभाऊ म्हणले, "पहिल्यापासून हाय आमच्यात."

समदं उरकल्यावर मी आत आलो. सकाळच्या चहावर व्हतो. चव बघायला काय उरलंच नव्हतं, तर पोटात काय जाणार. बादली टेम्पोत पालथी पडलेली. मला भूक लागली म्हणजे काय व्हतं ते मी विसरूनच गेलो व्हतो, पार लहानपणी कवातरी लागली असंल तशी. तू पुढ्यात ताट ठेवलंस. मी जेवलो. पोट भरलं. जरा डोळा लागला.

उठलो तर तू ओढ्यावर. टेम्पो सुटायला आलेला. पुढची सीट मी तुझ्यासाठी आडवून धरली, सोपानशेठला मागं पातेल्यांत बसवलं. तो शिव्या देत व्हता, पण त्या दिवशी त्याला बोलायला तोंड नव्हतं. हॉर्न वाजवला. लई वाजवला. तू आली नायस.

अट पाळली ना मी? भुकेला व्हतो. हात रिकामे व्हते. तुझ्या चुलीपुढं बसलो. आता काय राह्यलं?

रामनाथ


घोडेगाव,
ता. १५ मे

मोहिनी,

बाजार झाला, बहिरूभाऊ आले, निरोप नाय. मी इचारलं तर म्हणले, "पावणं, ती गप हाय. आन ती गप असली की मी पण गप असतो."

बादली गेणूला देऊन टाकली. आता कुठल्या कामावरून काय आणत नाय. बारकं पातेलं आणलंय, दोन माणसांचं. त्यात मूठ जात नाय, चमचाच घालायला लागतो. आमटी जमली, पण ताटात घेऊन बसलो की घर लई मोठं वाटतं. आधी एवढं मोठं नव्हतं.

तुला करमत असंल का? तिकडची काय खबर नाय, म्हणून इकडची सांगतो. मंचरच्या बाजूला एक साखरपुडा झाला, तिथं दुसऱ्या आचाऱ्यानं वांग्याचं भरीत केलं व्हतं. वांगी चांगली भाजलेली, पण शेंगदाण्याचं कूट जास्त, मजा गेली. रस्त्याच्या एका धाब्यावर भाकरी खाल्ली, कडा कच्च्या आन मधी करपलेली. आबांच्या सुनेनं कैरीची चटणी पाठवली, गूळ बरोबर पडला व्हता, मी जाऊन सांगून आलो, पोरगी लई खुश झाली. गेणूच्या बायकोची मटकी ठीक. सोपानशेठ आता पास्ता का फास्ता म्हणून नवीन काउंटर लावणार हाय, त्याचं नाव पण मला धड घेता येत नाय.

मोहिनी, तुझा राग कशाचा राह्यलाय ते मला खरंच कळत नाय. मी दोनदा मागचं पत्र आठवून बघितलं, काय चुकीचं लिहिलं नाय. नसलं यायचं तर तसं तरी कळव. पण लिहू नको तसं. येच.

रामनाथ


(वाडीवरून)
ता. १८ मे

वृषालीच्या पप्पांना,

पत्रं समदी पोचली. बहिरूदादानं वाटंत एकपण उघडलं नाय. घरी आणून उघडलं, आईला वाचून दाखवलं, मंग माझ्याकडं दिलं. मिशीच्या बुंदीचं आईनं परत परत वाचून घेतलं. भिकाबाबांना राग आलाय, त्यांचं म्हणणं टोपी नवी नव्हती, धुतलेली व्हती.

आरोही सासरी नीट हाय. तिच्या सासऱ्यानं तिकडं सांगून टाकलंय की त्यांच्या घरच्या लग्नात पण शेवटाला माहेरवाशिणी भाकऱ्या करणार. आता ते तुमी निस्तरा.

मी टेम्पोत का बसले नाय ते इचारलंय तुमी. हॉर्न ऐकला मी. ओढ्यावर व्हते, पातेलं घासून झालं व्हतं, तरी घासत बसले.

वीस वर्षांच्या वर झाली आपल्या लग्नाला. मी नवी नवी आले तवा तुमच्यासाठी भाकरी करून ताट झाकून बसायचे. तुमी यायचे ते जेवून यायचे. मंग बादली आणायला लागलात. मंग मी ताट झाकायचं सोडलं. पाडव्याला वाटलं, पोरगी घरात नाय, दोघंच हाय, करू पुरणाचं. त्याचं काय झालं ते तुमी लिहिलंय, श्रीखंड टिकत नाय म्हणून.

त्या दिवशी तुमी जेवलात. मी दाराआड उभी राहून बघत व्हते. एक भाकरी झाली, दुसरी मागितली नाय पण ताटाकडं बघत राह्यलात, म्हणून मी येऊन वाढली. मंग तिसरी. चटणी बोटानं पुसून खाल्लीत. माझ्या हातचं जेवताना माझा नवरा कसा दिसतो ते मी पहिल्यांदा बघितलं. वाटलं, आता बोलतील. ज्याच्या त्याच्या पानातलं मीठ सांगणारा माणूस हाय हा, आता मला काय सांगतोय. तर तुमी तिथंच भिंतीला कलंडलात, हाताला चटणी तशीच. मी म्हणलं, दमलेत, झोपू दे. ओल्या फडक्यानं हात मीच पुसला.

मंग म्हणलं, पत्रात लिहितील. पत्र आलं. त्यात कुत्रा हाय, सोपानशेठच्या काचा हायेत, म्हाताऱ्याची तंबाखू हाय. माझ्या ताटाचं लिहिलंय "पोट भरलं". पोट वडापावनं पण भरतं. दुसरं पत्र आलं. त्यात धाब्याच्या भाकरीच्या कडा हायेत, गेणूच्या बायकोची मटकी हाय, आबांच्या सुनेला तर घरी जाऊन सांगून आलात. आई म्हणली, अगं आचारी लोकांना आवडलं की ते गप खातात. असंल. पण मी काय गिऱ्हाईक नाय आन तुमी माझ्याकडं कामाला नायत, मला ते ऐकायचंय.

बुधवारी दुपारच्या गाडीनं येते. स्टँडवर येऊ नका, मला घर ठावं हाय. काय करून ठेवू नका. दारात येऊन उभी राहीन. माझी भाकरी कशी व्हती ते आधी सांगा. चांगली नसली तर नव्हती म्हणा, मी आचाऱ्याची बायको हाय, मीठ कमी ऐकून मरत नाय. पण सांगा. मंग पिशवी आत ठेवीन.

मोहिनी